परत आलेली

माझ्या आधी आईला एक मुलगी होती. सहा वर्षांची असताना देवीच्या रोगानं ती गेली. पुढच्याच वर्षी मी झाले. माझ्या मानेवर तिच्यासारखाच तीळ दिसला आणि आईनं सुइणीसमोरच सांगून टाकलं, "माझी पोर परत आली."

तुळजापुरात देवळाच्या उताराला आमचं घर होतं. वडील तहसिलीत उर्दूत कागद लिहायचे, घरात फारसं बोलायचे नाहीत. बारशाला त्यांनी मला वेगळं नाव ठेवलं होतं, पण आई थोरलीच्याच नावानं हाक मारायची. वेणी घालता घालता विचारायची, "देवळातल्या कल्लोळ तीर्थावर तुझा पाय घसरला होता, आठवतं का गं?" मला काहीच आठवायचं नाही. "आठवेल हळूहळू," म्हणत ती वेणी आवळायची.

मी नऊ वर्षांची असताना मामा आला. आईचा हा धाकटा भाऊ संस्कृत शिकायला काशीला गेला, तिथं पाली शिकला आणि बुद्धाच्या वाटेला लागला. घरच्यांनी त्याचं नाव टाकलं होतं. आता क्षयानं पोखरलेला तो बहिणीच्या दारात उभा होता. रझाकारांच्या भीतीनं गल्लीतली बरीच माणसं सोलापूरला निघून गेली होती. "याला असा टाकून मी न्हाय जायची," आई म्हणाली, आणि आम्ही राहिलो.

एका दुपारी आई पडवीत विरजण लावत होती. मी खांबाजवळ बसले होते. ती मामाला म्हणाली, "तू एवढा शिकलास. सांग, ही तीच आहे का न्हाय?"

मामा बराच वेळ खोकला. "अक्का, जन्म पुढं चालतो हे खरं. पण एका देहातून उठून दुसऱ्यात जाऊन बसणारं असं कुणी नसतं."

"मग चालतं काय?"

"कालच्या दह्यानं आजचं दही लागतं. म्हणून आजचं दही कालचंच म्हणायचं का? त्याच्याशिवाय लागलं नसतं, एवढंच. जाणीव तशीच आहे. आधीच्या जाणिवेच्या आधारानं घडीघडीला नवी उठते. आपण तिला 'मी', 'माझं' म्हणून धरून बसतो, त्यातच दुःख. धरणं सुटलं की माणूस मोकळं."

"मला मोकळं व्हायचं न्हाय. माझी पोर कुठाय ते सांग."

मामानं माझ्याकडं पाहिलं. "ती गेली, अक्का. ही दुसरी आहे."

आई उठून आत गेली. त्यानंतर ती त्याचं पथ्यपाणी करायची, पण बोलायची नाही. मग एक दिवस तिनं ट्रंकेतून थोरलीचं पोलकं काढलं, मांडीवर घेतलं आणि गळा काढून रडू लागली. उरल्यासुरल्या शेजारणी धावत आल्या. त्यांना वाटलं, मामा गेला. "कोण गेलं वं?"

"माझी लेक गेली," आई म्हणाली.

बायका दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

त्या दिवसापासून आई पुन्हा मामाजवळ बसू लागली. त्याला आता उठवत नव्हतं. तिनं विचारलं, "भीती वाटते का रे?"

"वाटते की," तो म्हणाला. "एवढं वाचलं, तरी गेली न्हाय. येते, जाते. बघत पडलोय." थंडी सरता सरता तो गेला. आईनं त्याचा हात हातात धरला होता. तो सोडवायला वडिलांना खाली बसावं लागलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं, माणसं परतली. त्याच सुमारास सोलापूरहून परतलेल्या काकूला मुलगा झाला. त्याचं मामासारखं कपाळ पाहून कुणीतरी म्हणालं, "मामाच आला बघा." आई एकदम म्हणाली, "नका गं, त्या लेकराच्या माथी असलं काही मारू नका."

मी तिच्या शेजारीच बसले होते. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मग कितीतरी दिवस ती माझ्याशी पाहुण्यांच्या मुलीशी बोलावं तशी जपून बोलायची. आई घरात असूनही मला एकटं वाटायचं, आणि ते कुणाला सांगावं हे कळत नव्हतं.