साडेनऊबाईंचा अर्धा गुण

शाळेतल्या मुलांनी बाईंना ‘साडेनऊबाई’ हे नाव ठेवलं ते काही उगीच नाही. भाषेच्या पेपरात कथेवरचा प्रश्न दहा गुणांचा असायचा आणि बाईंच्या हातून दहापैकी दहा मिळालेलं मूल अजून जन्माला यायचं होतं. कथानक बरोबर, पात्रं बरोबर, वातावरण, संघर्ष, सगळं जिथल्या तिथे. तरी शेवटी कुठेतरी पोरगं लिहून जायचं की ‘लेखक म्हणतो, मी कायमचं घर सोडलं’, आणि बाईंचं लाल पेन तिथेच थबकायचं. अर्धा गुण कापला.

“घर कोणी सोडलं? लेखकाने?” पेपर वाटताना बाई सगळ्या वर्गाला ऐकवायच्या. “लेखक बिचारा घरीच बसून लिहितोय. घर सोडलं ते निवेदकाने. ज्याच्या तोंडून गोष्ट कळते तो निवेदक. कथेतला ‘मी’ म्हणजे लिहिणारा नव्हे. हे ज्याला कळलं नाही त्याला गोष्ट कळलीच नाही.”

हे त्या इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या की मागच्या बाकावरची पोरं ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणायची. बाईंना ते दिसायचं, पण राग यायचा नाही. पाठ झालंय ना, मग पुरे.

बाईंचं पोट दुखायला लागलं ते नवीन बाई आल्यावर. नववीच्या अ आणि ब तुकड्यांच्या मधली भिंत लाकडी फळ्यांची होती, कार्यक्रमाच्या वेळी सरकवून दोन्ही खोल्यांचा एक हॉल करता यावा म्हणून. अ तुकडी बाईंची. ब तुकडी त्या नवीन पोरीला मिळाली. केस आखूड, खांद्याला कापडी पिशवी, आणि पहिल्याच आठवड्यात शिपायापासून हेडसरांपर्यंत सगळ्यांशी अशी ओळख, जणू हिचा जन्मच स्टाफरूममध्ये झाला होता. बाई तिला मनातल्या मनात ‘पलीकडची’ म्हणायच्या. नाव घेण्याइतका मान त्यांना तिला द्यायचा नव्हता.

एवढ्याने काही बिघडलं नसतं. नवे शिक्षक येतात, चार दिवस मुलं डोक्यावर घेतात, मग पेपर तपासायची वेळ आली की सगळ्यांचे पाय जमिनीला लागतात. पण ब तुकडीत बाईंची मुलगी होती. आपल्या मुलांचे पेपर आपण तपासायचे नाहीत, हा हेडसरांचा नियम. तो नियम झाला तेव्हा सगळ्यात आधी मान बाईंनीच डोलावली होती. शाळेत मुलगी त्यांना इतरांसारखीच ‘बाई’ म्हणायची आणि फाटकाबाहेर पडल्यावर ‘आई’. दोघींना त्याची इतकी सवय होती की कधी चूक होत नसे.

आणि घरी त्या दोघींचा एक खेळ होता. मुलगी तीन-चार वर्षांची असल्यापासूनचा. परातीत मटारच्या शेंगा घेऊन दोघी बसायच्या, बाई गोष्ट रचत जायच्या आणि ऐन रंगात आल्यावर थांबायच्या. “त्याने दार उघडलं... पुढे काय?” मग मुलीने सांगायचं. “आत अजून एक दार!” ती म्हणाली की गोष्ट तिकडे वळायची. मटार संपले तरी गोष्ट संपायची नाही. या खेळात बाईंच्या नवऱ्यालाही जागा नव्हती. वर्गात बाईंनी हे कधी आणलं नाही. वर्गासाठी कथानकापासून निवेदकापर्यंत फळ्यावरचे पाच घटक होते. हे घरचं होतं, दोघींचं होतं.

पलीकडून आधी हसण्याचा आवाज यायला लागला, मग टाळ्यांचा. बाई खिडक्या लावून घ्यायच्या, आवाज चढवायच्या. आणि एका सकाळी, त्या फळ्यावर ‘वातावरण’ लिहीत असताना, भिंतीपलीकडे तीस गळे एकदम ओरडले, “पुढे काय?”

खडूचे दोन तुकडे झाले. अ तुकडीला वाटलं खडू ओला असेल.

संध्याकाळी जेवताना मुलीचं चालूच होतं. आमच्या बाई असं म्हणाल्या, आमच्या बाईंनी तसं केलं. या घरात ‘बाई’ म्हटलं की आजवर एकच माणूस असायचं.

“‘पुढे काय’ तिला कोणी सांगितलं?” बाईंनी ताटाकडे बघत विचारलं.

“मी.”

“का?”

“का म्हणजे? भारी आहे म्हणून.”

नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि न दिसणारा बिघाड ओळखायची त्याला सवय होती. त्याने हवेत नाक वर केलं. “काहीतरी जळतंय का गं?”

“दूध असेल,” बाई म्हणाल्या आणि उठल्या. गॅसवर दूध नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

हेवा वाटत होता, दुसरं काय! आपल्याहून वीस वर्षांनी लहान पोरीचा. आपली पोर, आपला खेळ, आपलं नाव, सगळं तिने कापडी पिशवीत घालून नेलं, आणि वर पोरीने स्वतः उचलून दिलं. स्वतःची लाज वाटत होती, पण लाज वाटली म्हणून हेवा काही कमी होत नाही. बाई स्टाफरूममध्ये नाक मुरडून म्हणाल्या, “हसवायला काय, विदूषकही हसवतो. पोरांना घटक येतात का ते विचारा.” हेडसरांकडे गोंगाटाची तक्रार केली. हेडसर म्हणाले, बघतो, आणि बघायचं विसरले. घरी त्यांनी मुलीची परीक्षाच घेतली.

“संघर्षाचे प्रकार सांग.”

“माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध परिस्थिती, माणूस विरुद्ध स्वतः. शेवटचा म्हणजे बाबा आणि त्यांची सिगारेट.”

बरोबर होतं. वर उदाहरणही होतं. चुकली असती तर बाईंच्या जिवाला थोडं बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी त्यांनी मुद्दाम मटार आणले, परात मधे ठेवली. “आई, आज नको ना,” मुलगी आपल्या खोलीतून म्हणाली, “बाईंनी गोष्ट लिहायला सांगितलीय.” बाईंनी सगळे मटार एकटीने सोलले.

दुसऱ्या दिवशी अ तुकडी धडा मनात वाचत होती. वर्ग शांत होता आणि पलीकडे कोणीतरी आपली गोष्ट वाचून दाखवत होतं. आवाज मुलीचा. बाईंची खुर्ची आपोआप भिंतीकडे सरकली.

“पूर्वी मटार सोलताना आमच्या घरात गोष्ट व्हायची,” मुलगी वाचत होती. “आता नुसते मटार होतात. घरात माझं कोणी ऐकून घेत नाही. जेवायला बसलं की तिचंच चालू असतं. ती मला आवडत नाही. मुळीच आवडत नाही. पण घरात हे बोलायची चोरी.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी? मुळीच आवडत नाही? परात मांडून कोण बसलं होतं काल? त्या उठल्या, बाहेर पडल्या आणि न विचारता ब तुकडीच्या दारात उभ्या राहिल्या.

“घरातली भांडणं वर्गात वाचायची? तुझं ऐकून घेत नाही मी? मी तुला आवडत नाही, तर हे मला सांगायचं, की या सगळ्यांना?”

मुलगी वही धरून उभीच होती. तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. “बाई,” ती म्हणाली. शाळेत होती ना, म्हणून बाईच. “तो ‘मी’ म्हणजे मी नाही. तो निवेदक आहे.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं.

नवीन बाई पुढे आली. बिचारीला मदतच करायची होती. “बाई, तुमचा गैरसमज होतोय. सध्या ज्या माणसाशी आपलं पटत नाही, त्याच्या बाजूने गोष्ट लिहायला सांगितली होती मी. तोच माणूस ‘मी’ होऊन बोलतोय असं...” आणि ती बोलता बोलता थांबली.

कारण तिलाही तेव्हाच कळलं. ‘मी’ म्हणजे मुलगी नव्हे, तर ‘मी’ म्हणजे आई. आणि जेवताना जिचंच चालू असतं, जी मुळीच आवडत नाही, ती? ती हातात खडू घेऊन तिथेच उभी होती आणि तिचे कान लाल होत होते.

मग बाई वळल्या आणि आपल्या वर्गात आल्या. अ तुकडी इतकी शहाण्यासारखी बसली होती की भिंतीतून सगळं ऐकू आलंय हे वेगळं विचारायची गरज नव्हती.

“बाई,” मागच्या बाकावरून अगदी हळू आवाज आला, “अर्धा गुण?”

“हो,” बाई म्हणाल्या. “अर्धा.” आणि पाठ वळवून फळा पुसत राहिल्या. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी घरी परात मुलीनेच मांडली. दोघी शेंगा सोलायला बसल्या.

“ती मला अजून आवडत नाही,” बाई म्हणाल्या.

“माहितीये. तेच लिहिलंय.”

“तुला कसं कळलं? मी तर काही बोलले नव्हते.”

“आई, हेडसरांकडे तक्रार म्हणजे काही न बोलणं?” मुलगी हसली. “पण लिहायला बसले ना, तेव्हा नीट कळलं. आधी मला तुझा नुसता राग यायचा. ‘मी’ लिहिलं आणि रडूच आलं.”

बाईंच्या हातातला मटार परातीबाहेर पडला. त्यांनी तो शोधला नाही.

“तिने आपला खेळ चोरला,” त्या शेवटी म्हणाल्या. लहान पोरीसारख्या.

“चोरला? रोज विचारायच्या आधी ती काय म्हणते माहितीये? ‘आता पलीकडच्या बाईंचा प्रश्न.’ मग आम्ही ओरडतो.”

“मला कधी ऐकू आलं नाही.”

“ती एकटी म्हणते, आणि आम्ही तीसजण ओरडतो. भिंतीतून ओरडणंच येणार ना!”

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. बराच वेळ नुसती कुजबुज. मग अगदी बारीक, तो आवाज आला, “आता पलीकडच्या बाईंचा प्रश्न...” आणि मागोमाग तीस गळे.

बाईंना बरं वाटलं आणि त्याबरोबर रागही आला. वाईट तरी असायचं होतं मेलीने! वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

“बाई,” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “तो तुमचा प्रश्न आहे?”

“हो.”

“मग आम्हाला का नाही विचारत कधी?”

पेन, खडू, पाच घटक, इतक्या वर्षांच्या इतक्या तुकड्या. आणि यातल्या एकाही पोराला त्यांनी कधी विचारलं नव्हतं की तुला काय वाटतं. त्यांनी पुस्तक मिटलं.

“एका माणसाने दार उघडलं,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

अ तुकडीला ओरडायची सवय नव्हती. “पुढे काय, बाई?” कोणीतरी चाचरत म्हणालं.

“ते तुम्ही सांगायचं.”

पलीकडचा आवाज एकाएकी थांबला. तिकडे आता कान देऊन ऐकताहेत, आणि त्यात आपली पोरही आहे, याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी घसा साफ केला आणि आवाज चांगलाच चढवला.