मंडईचं पत्रक

दिवाळीचे आकाशकंदील दुकानांत लागले की माझं डोकं दुखायला लागतं. गोंदियातल्या एका दवाखान्यात मी डायलिसिस विभागाची इन्चार्ज आहे. हाताखाली चार टेक्निशियन, चौघंही आसपासच्या खेड्यांतले. आणि आमच्याकडे दिवाळी झाली की महिनाभर गावोगावी मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक होतं. ज्याच्या गावची मंडई त्याला त्या दिवशी सुट्टी हवीच. स्वतःच्या गावची झाली की सासरची निघते, मग मामाच्या गावची. पेशंटला मात्र आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर यावंच लागतं. किडनीला मंडई नसते, हे मी इतक्यांदा सुनावलंय की माझ्या पाठीमागे नक्कल करताना ते हेच वाक्य म्हणतात.

मला स्वतःला गाव नाही. मी रेल्वेच्या क्वार्टरात वाढले, आता शहराला लागून कुडव्याला राहते. गाव नाही म्हणून मंडई नाही, आणि मंडई नाही म्हणून सगळ्यांच्या रिकाम्या पाळ्या माझ्या गळ्यात. असा नियम कुणी केलेला नव्हता, पण पाळला सगळ्यांनी.

एका वर्षी एकजण मंडईच्या नावानं सुट्टी घेऊन भर बाजारात मोबाइलच्या दुकानात उभा दिसला. दुसऱ्याच दिवशी मी फर्मान काढलं. मंडईच्या नाटकाचं छापील पत्रक अर्जाला जोडा, त्यावर गाव आणि तारीख दिसली पाहिजे, नाहीतर सुट्टी नाही. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तेव्हापासून दरवर्षी माझ्या टेबलावर गुलाबी-पिवळ्या पत्रकांचा गठ्ठा साचतो, आणि मी एकेकाची तारीख बोट ठेवून वाचते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर व्यवस्थापनानं नागपूरहून एक टायवाला बोलावला. विषय होता, सणासुदीच्या दिवसांत प्रमुखांनी कामाचा ताण कसा सांभाळावा. जास्तीचा एक माणूस द्या म्हणून मी तीन वर्षं अर्ज करतेय. माणूस नाही, व्याख्यान मिळालं. त्यानं आम्हाला डोळे मिटायला लावले, श्वास मोजायला लावले, आणि म्हणाला, "आपल्या टीमशी मनातलं मोकळेपणानं बोला." मग घड्याळ बघत चारच्या गाडीनं स्वतःच्या घरी दिवाळीला गेला. मला त्याच्या टायला धरून डायलिसिसच्या पाण्याच्या आरओ टाकीत बुडवावंसं वाटलं.

त्याच दिवाळीत माझी मुलगी पुण्याहून आली. घरात आम्ही दोघीच. आदल्या वर्षी ती चार दिवस आली होती आणि चारही दिवस मी ड्युटीवर होते. तिनं एकटीनं टीव्ही बघितला, एकटीनं दिवे लावले आणि परत गेली. या खेपेला आल्या आल्या म्हणाली, "आई, शुक्रवारी संध्याकाळी माझी गाडी आहे. तो एक दिवस तू घरी राहा. बाकी मला काही नको."

सुट्टी माझ्या हक्काची होती. सांगायला हवं होतं, मुलगी आली आहे, शुक्रवारी मी येणार नाही. पण इतकी वर्षं ज्यांना मंडईखेरीज दुसरं कारण चालू दिलं नाही, त्यांच्यासमोर हे बोलायला जीभ रेटेना. बुधवारी पाळ्यांच्या तक्त्यात मी शुक्रवारच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे 'सुट्टी' लिहिलं आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, "मंडई आहे."

चौघांच्याही माना वर झाल्या.

"कोन्या गावची जी, मॅडम?" सगळ्यात जुन्या टेक्निशियननं विचारलं.

"नवेगाव बांधजवळ. माझ्या आईच्या मामाचं गाव." मी गावाचं नावही ठोकून दिलं.

"त्या गावची त काल झाली जी. माही बहीन तेथंच देली हाय. मी जेवून आलो."

इथं माणसाला पोराची जन्मतारीख आठवणार नाही, पण कुठली मंडई कधी, हे तोंडपाठ असतं. मला हे ठाऊक असायला हवं होतं.

"मंग पत्रक आना ना, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "आमी आनतो तसं."

चौघांतली एक पोरगी मास्कच्या आत हसली. माझे कान तापले. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "पोरगी आली ना तुमची? सुट्टी पायजे त तसं सांगा. झूट कायले बोलून राहिल्या? मी करतो तुमची पाळी."

हो म्हणायचं होतं, फक्त हो. पण मला त्याची दया नको होती. त्या चौघांचा त्या क्षणी मला मनस्वी राग आला, आणि त्याचा सगळ्यात जास्त, कारण तो बरोबर बोलत होता. "काही गरज नाही," मी म्हणाले आणि 'सुट्टी' खोडून 'ड्युटी' लिहिलं. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

शुक्रवारी दिवसभर मी सुया टोचल्या, नळ्या लावल्या, सगळ्यांवर खेकसले. तो जुना माणूस दुपारी एकदा जवळ येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मागून गाडीचा आवाज येत होता.

"आई, तू सुट्टी मागितली होतीस ना?"

"मागितली होती गं," मी म्हणाले. "दिली नाही त्यांनी."

"जाऊ दे. तुझा काय दोष," ती म्हणाली. तिनं पत्रक मागितलं नाही.