बावीस फुटांचा ट्रेलर चौदा फुटांचा करून ईडन प्रेरीला

पहाटे निघायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात टेक्सासमधलं आमचं फ्रिस्को सोडलं तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांची लॉन कापून झाली होती. कारण आदल्या दिवशी आईने तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं होतं, "प्रज्ञा ट्रेलर घेऊन मिनेसोटाला चाललीये, रिकामाच आहे." रिकामा! हा शब्द आपल्या माणसांसमोर कधी उच्चारू नये. सकाळपासून दारात गाड्यांची रांग. "जातेच आहेस तर एवढं घेऊन जा गं, माझी भाची तिकडेच असते." ज्वारीचं पीठ, लोणच्याच्या बरण्या, कुणाच्या सुनेसाठी दगडाचा इडली ग्राइंडर. मी आणि माझा मावसभाऊ रोशन सगळं निमूटपणे ट्रेलरच्या मागच्या स्वयंपाकघरात लावत गेलो. पीठ-डाळी जिथे जायला हव्यात तिथेच गेल्या, हो ना? पुढे काय झालं ते सांगतेच.

तर आधी ट्रेलर. तो माझा नाही. मिनेसोटात ईडन प्रेरीला राहणारे वानखेडे काका म्हणजे बाबांचे नागपूरचे मित्र. त्यांनी रिटायर होता होता हा गोल पाठीचा, ॲल्युमिनियमचा, त्यांच्या स्वतःच्या लहानपणच्या काळातला ट्रेलर घेतला. स्वप्न असं की काकूंना घेऊन सगळा देश बघायचा. पहिल्याच ट्रिपला पेट्रोल पंपावर तो असा अडकला की पुढे जाईना, मागे येईना. काका आत घामाघूम, काकू बाहेर उभ्या राहून "या, या, या, थांबा, थांबा म्हटलं ना!" आणि मागे अख्खा पंप हॉर्न वाजवतोय. काकू गाडीत येऊन बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "घरी चला." त्यानंतर ट्रेलर ताडपत्रीखाली गेला तो गेलाच.

मी कॉलेज दोन सेमिस्टरनंतर सोडलं. मग तलावाकाठच्या एका बोट दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, मारायला शिकले, तेही तिथे बदकं बघायला गेले होते म्हणून. काकांना हे कळलं तेव्हा त्यांचा फोन. "पोट्टे, हा पत्रा कापून लहान होतो का गं?" मी म्हटलं, कापल्यावर सगळंच लहान होतं काका. मागून काकूंचा आवाज आला, "लहान झाला तर दोन दिवस येऊन बघीन. नाही पटलं तर विकायचा, आणि पुन्हा घरात नाव काढायचं नाही." मग काका हळूच म्हणाले, "ऐकलंस ना? आता तुझ्या हातात आहे, बेटा." आणि थोड्याच दिवसांत ट्रेलर ट्रकवर चढून फ्रिस्कोला आमच्या दारात.

ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. जुना ट्रेलर बघायला गेलात तर चकाकीवर भाळू नका, खाली झोपा आणि लोखंडी सांगाडा बघा. आतल्या लाकडी जमिनीत कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आमच्यात तो मुठीपर्यंत गेला, ओल्या केकमध्ये सुरी जावी तसा. पुढची आणि मागची गोल टोपी बनवणं माझ्यासारखीच्या बसची बात नाही, म्हणून त्या दोन्ही ठेवायच्या आणि मधला भाग काढून टाकायचा. सांगाडा कापून वेल्डिंग आम्ही दुसऱ्याकडून करून घेतलं. मग दोन टोप्या एकमेकींना भेटवायच्या. हे वाचायला पाच ओळी लागतात, करायला अख्खा हिवाळा गेला. रिव्हेट मारायला एक माणूस बाहेर आणि एक आत लागतो. आतल्याने लोखंडाचा ठोकळा धरायचा. बोललेलं एकमेकांना ऐकू जात नाही, म्हणून ठोका ठरलेला: एक टक म्हणजे बसला, दोन टक म्हणजे अजून हाण. रोशन मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतोय, तो सतत दोन टक करायचा. भिंतीत उंदराचं एक जुनं घरटं निघालं, कुणाच्या तरी लोकरी मोज्यांचं, निळं-पांढरं. मी त्याचे फोटो काढत बसले आणि त्या दिवशीचं काम तिथेच राहिलं.

काकांची एकच खास मागणी होती. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, वर उघडणाऱ्या झाकणाखाली, म्हणजे फोडणीचा ठसका बाहेरच्या बाहेर जाईल. आणि ओटा काकूंच्या उंचीचा. काकू लहानखुऱ्या आहेत, काकांनी इंचात माप पाठवलं होतं.

असो. निघालो. तीनशेऐंशी नंबरच्या हायवेने डेंटन, तिथून आय-३५ धरला की थेट मिनेसोटापर्यंत तोच रस्ता, म्हणून हा रूट नवशिक्यांना चांगला. ओक्लाहोमात डोंगर लागतात, आपल्या हिशोबाने टेकड्याच. तिथे रस्त्यालगत तळलेले पाय (अवयव नाही, इंग्रजी pie) मिळतात, आत जर्दाळूचं सारण. रोशन पहिला घास घेऊन म्हणाला, "ही तर करंजी आहे यार." दुकानातल्या आजींनी ट्रेलरकडे बघून विचारलं, हा एवढुसा कसा, धुतल्यावर आटला का? मी हो म्हटलं.

मुक्काम कॅन्ससमध्ये विचिटाला, नितीनदादा आणि स्मितावहिनींकडे. दादा विमानाच्या कारखान्यात कामाला. चहाच्या आधी त्याने टॉर्च घेऊन माझे सगळे रिव्हेट तपासले. "हा वाकडा आहे." "माहितीये." "हाही." "तो रोशनचा." वहिनी ओरडल्या, "अहो, तिला आत तर येऊ द्या." जेवायला झुणका, भाकरी, आणि त्यांचा मुलगा इंग्लिशमधून विचारतोय की तुम्ही ट्रेलरमध्ये शी कुठे करता. सकाळी निघताना वहिनींनी तुपाचा डबा, मेतकूट आणि तांदळाचं एक पोतं मागच्या कपाटात ठेवलं. "मिनियापोलिसला माझी वर्गमैत्रीण आहे, तिला तिथे हा तांदूळ मिळत नाही." मिळतो. सगळीकडे मिळतो. पण असं कुणाला सांगता येत नाही.

विचिटाच्या पुढे टोल रोड आहे. नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि बिल घरी येतं, थांबावं लागत नाही. एल डोराडो गाव मागे पडलं की झाडं संपतात आणि नुसत्या गवताच्या टेकड्या सुरू होतात, हिरव्या, गायीच्या पाठीसारख्या. मी रोशनला म्हणत होते की इथे उतरून अर्धा तास नुसतं गवतात बसूया. तेवढ्यात बाजूने एक मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा धक्का बसला, आणि आरशात मला ट्रेलर डावीकडे जाताना दिसला. मग उजवीकडे. मग जास्त डावीकडे. त्याला ओढणारा आमचा पिकअपही त्याच्याबरोबर शेपटी हलवायला लागला.

"ब्रेक नको मारू!" रोशन किंचाळला.

"नाही मारत!"

"पाय काढ!"

"काढलाय रे!"

स्टीअरिंग सरळ धरलं, पाय उचललेला ठेवला आणि डॅशबोर्डखालचा ट्रेलरचा वेगळा ब्रेक हाताने हळूहळू दाबत गेले. आणखी दोन झोके आले आणि मग तो सरळ झाला. त्या दोन झोक्यांमध्ये मला काकांचा चेहरा दिसला, आणि गवतात उलथा पडलेला तो चांदीचा डबा. पुढच्या सर्व्हिस एरियात थांबलो. रोशनने पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

मग त्याने मागचं झाकण उचललं आणि बघत राहिला. "प्रज्ञा, मी सगळा बॅलन्स काढला होता."

"मग?"

"रिकाम्या ट्रेलरचा."

ट्रेलरचं वजन पुढे, हुकावर असावं लागतं. मागे जड झाला की तो डोलणारच. आम्ही वजनकाट्यावर गेलो होतो, पण पार्सलं यायच्या आधी. वाचकहो, काटा सामान भरल्यावर करा, आणि निघायच्या दिवशी कुणालाही तुमचा पत्ता देऊ नका. तिथेच पार्किंगमध्ये सगळं पुढे हलवलं. ग्राइंडर, तांदूळ, पीठ, काकूंसाठी घेतलेला कुकर, लोखंडी तवा, पोळपाट. पुढे जागा एकच, पलंग. सगळं गादीवर रचून दोरीने बांधलं. त्यानंतर ट्रेलर शहाण्या मुलासारखा आला. मी मात्र ताशी पंचावन्न मैलांच्या वर गेले नाही आणि ट्रकवाल्यांच्या शिव्या खात राहिले.

आयोवात एका स्टेट पार्कमध्ये रात्र काढली. वीजजोडणीसकट तीस डॉलरच्या आत जागा मिळाली, शनिवार-रविवार असेल तर आधी बुक करा. गादी भरलेली, म्हणून आम्ही बाहेर तंबूत. पाऊस पडला. आम्ही भिजलो, ग्राइंडर कोरडा राहिला. एकही थेंब आत नाही! मी पहाटे आनंदाने ओरडले तर शेजारच्या तंबूतून कुणीतरी अभिनंदन केलं.

ईडन प्रेरीला पोचलो तेव्हा काका ड्राइव्हवेतच उभे. "आली पोट्टी! जय भीम, जय भीम!" मला भेटून झालं आणि ते सरळ पत्र्यावरून हात फिरवत चालत गेले, पुढपासून मागपर्यंत. "काय झाला गं हा... काय झाला."

काकू दारात, हाताची घडी घालून. "बघू."

मी दार उघडलं. आणि उघडताना आठवलं, पण उशीर झाला होता. समोर गादीवर कुकर, तवा, पोळपाट, पिठाची पोती.

"हे काय?"

"काकू, ते वजनामुळे..."

"म्हणजे गादीवरसुद्धा स्वयंपाकघर?"

"अगं ते मागे आहे!" काका घाईघाईने म्हणाले. "इकडे ये तर. खास तुझ्या उंचीचा ओटा करून घेतलाय."

झाकण वर गेलं. काकूंनी ओट्यावर तळवे टेकवले. माप अगदी बरोब्बर होतं, कोपर जिथे यायला हवं तिथे आलं. मला वाटलं, जिंकलो.

"आणि मी इथे फोडणी देत असताना," काकू वळून म्हणाल्या, "तुम्ही कुठे असणार?"

काकांनी नकळत बाजूच्या घडीच्या खुर्चीकडे बघितलं. तिच्यासाठी मी पत्र्याला सुंदर क्लिप बसवली होती. एकच.

"आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभी, घरी आले की ओट्याशी उभी. आता तळ्याकाठी जाऊन उभी राहू, आणि याला सुट्टी म्हणू? विका." काकू आत गेल्या.

रोशन बुटांकडे बघत होता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणावर ते कळत नव्हतं. अख्खा हिवाळा मी तो ओटा घासला होता, आणि एकदाही डोक्यात आलं नव्हतं की काकूंना विचारावं.

काका बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मग उठले, ओट्याशी जाऊन उभे राहिले, खोटंखोटं कांदा चिरल्यासारखा हात हलवला. कमरेत पार वाकावं लागलं.

"फारच खाली आहे गं हा."

"काका, तो काकूंसाठी..." रोशन बोलायला लागला. काका गॅरेजमध्ये निघून गेले होते. आले ते टेप घेऊन. कोपरापाशी धरली आणि म्हणाले, "इथपर्यंत."

दुसरा दिवस ओटा उचलण्यात गेला. खाली मोकळी जागा राहिली, तिथे दोन खण बसवले. झाकणाला डोकं आपटतं म्हणून त्याचे दांडे बदलले. दुसऱ्या खुर्चीसाठीही क्लिप लावली. ठोकाठोकी चालू असताना पार्सलं न्यायला माणसं येत होती, प्रत्येक जण आत डोकावून "वा, छोटंसं घर!" म्हणत होता, आणि वरच्या खिडकीतला पडदा मधूनमधून हलत होता.

संध्याकाळी काकांनी ड्राइव्हवेतच वांग्याची भाजी टाकली. होस्टेलवर शिकलेली, मध्ये सगळं आयुष्य गेलेलं. धूर, ठसका, शेजारचा कुत्रा भुंकतोय.

खिडकीतून आवाज आला, "मोहरी जळली."

"कळलं!" काका.

थोड्या वेळाने काकू खाली आल्या. क्लिपमधून खुर्ची काढली, ड्राइव्हवेच्या मधोमध ठेवली आणि बसल्या. काकांनी ताट दिलं. काकूंनी दोन घास खाल्ले.

"मीठ कमी आहे."

"वरून देऊ?"

"द्या." मग आणखी एक घास. "ते सुपीरियर लेक म्हणता, ते किती लांब आहे?"

सकाळी आम्ही उठलो तर ड्राइव्हवेत ना ट्रेलर, ना काकांची गाडी. फ्रिजमध्ये दूध होतं, टेबलावर ब्रेड. काकांचा फोन आला, मागे वारा. दोन दिवसांनी दुसरा: "अगं, काकू म्हणते इथवर आलोय तर पुढचा दीपस्तंभपण बघू. तुम्ही निघा, घराची किल्ली शेजारी द्या." कुणी ट्रेलर पटला असं म्हणालं नाही. विकायचंही कुणी म्हणालं नाही.

परतीचा रस्ता हलका होता. आरशात मागे काही नाही याची सवय व्हायला ओक्लाहोमापर्यंत वेळ लागला. पत्रा, रिव्हेट, वजन हे सगळं पुढच्या वेळी मला चांगलं जमेल. पण आता कुणी ट्रेलर बनवायला सांगितला तर टेप काढायच्या आधी मी एक प्रश्न विचारणार आहे: ओट्याशी उभं कोण राहणार? रोशन म्हणतो, असे प्रश्न विचारलेस तर लग्नं मोडतील. बघू.

घरी आल्यावर आईला काकूंनी पाठवलेला फोटो दाखवला. मागे निळंशार पाणी, काका ओट्याशी ताठ उभे राहून कढईत काहीतरी ढवळतायत. फोटो काढणारी बसलेली आहे, हे त्याच्या कोनावरून दिसतं. खाली काकूंनी लिहिलंय, "आज पोहे. पाणी जास्त झालं."

आईने फोटो मोठा करून काकांना नीट बघितलं, मग ओट्याला. आणि हॉलमध्ये मॅच बघत बसलेल्या बाबांना हाक मारली, "अहो, तुमची उंची किती?"