पी.टी.च्या सरांना पोहता येत नव्हतं

मी घोडेगावच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचो आणि मला पोहता येत नव्हतं. ही गोष्ट माझ्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. आमच्याकडे ज्याच्या मळ्यात विहीर, त्याचा पोरगा पाठीला डबा बांधून सात-आठ वर्षांचा होईतो पोहायला शिकतोच. आमच्या मळ्यात तर दोन विहिरी होत्या. पण त्यातल्या एकीत माझा चुलतभाऊ बुडून गेला. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. त्यानंतर आईनं मला विहिरीकडे फिरकू दिलं नाही. पुढं मी मोठा झालो, आईचा धाक सुटला, पण भीती सुटली नाही. मित्र विहिरीत उड्या मारायला निघाले की मी पळायला निघायचो. लोक म्हणायचे, याला पळायचं लई वेड. निम्मं वेड होतं, निम्मी पळवाट.

पळण्यात मात्र मी खरंच बरा होतो. कॉलेजात पाच हजार मीटरमध्ये विद्यापीठापर्यंत मजल मारली होती. नोकरी लागल्यावरही रोज सकाळी डिंभ्याच्या रस्त्यानं आठ-दहा किलोमीटर पळायचो. शिक्षकांच्या जिल्हा स्पर्धेत आमच्या शाळेचं एक बक्षीस माझ्या भरवशावर धरलेलं असायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी छत्तीस वर्षांचा होतो, तेव्हा उजवा गुडघा गेला. मंचरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "पळणं आता बंद. पोहत जा. तुम्हाला काय, धरण उशाशी आहे." मी मान डोलावली.

दसऱ्यानंतर स्पर्धांचे फॉर्म आले. स्टाफरूममध्ये सगळे चहा घेत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, यंदा पळणं नाही म्हणता. मग पोहण्यात नाव टाकू का? पन्नास मीटर आहे."

मला पोहता येत नाही, एवढंच बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "टाका की! लहानपणी विहिरी गाजवल्यात आपण." फॉर्मवर मार्गदर्शकाच्या रकान्यात काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हसून म्हणालो, "विहीर लिहा." सगळे हसले. त्यांनी तिथं एक आडवी रेघ मारली.

स्पर्धा जानेवारीत होती. हातात तीन महिने होते.

पुढच्या रविवारी पहिल्या एस.टी.नं डिंभ्याला उतरलो आणि धरणाच्या कडेकडेनं आत चालत गेलो, ओळखीचं माणूस दिसणार नाही इतकं लांब. एका खोबणीत पाणी डोंगराच्या आत शिरलं होतं. काठापासून थोडं आत एक वाळलेला आंबा पाण्यातून वर आला होता. मी एक रिकामा प्लॅस्टिकचा कॅन आणला होता. तो छातीशी धरून कमरेइतक्या पाण्यात गेलो, पाय उचलले आणि पळाल्यासारखे मारायला लागलो. कॅन सटकला. मी उलटा झालो. पायाखाली जमीन आहे हेच मी विसरलो होतो. नाकातोंडात पाणी गेलं आणि तेवढ्यात कुणीतरी बनियनला धरून मला उभं केलं.

पन्नाशीच्या पुढची एक बाई होती. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, एका हातात पालथी घागर. ती त्या घागरीवर छाती टेकून पलीकडच्या काठावरून पोहत आली होती.

"ओ पावणं, कमरंएवढ्या पान्यात कोन बुडतं?" ती म्हणाली आणि हसायला लागली.

मी खोकत होतो. मग तिनं विचारलं, कुठले, काय करता. खोटं सांगायला दम नव्हता. घोडेगाव म्हणालो. शाळेत सर आहे म्हणालो. कुठला विषय, ते मात्र सांगितलं नाही.

तिला आसपासच्या वस्तीवर सगळे मावशी म्हणायचे, म्हणून मीही मावशीच म्हणायला लागलो. तिचं जुनं घर धरणात गेलं होतं. तो वाळका आंबा तिच्या परड्यातला. उरलेलं नाचणीचं रान खोबणीच्या पलीकडच्या उतारावर होतं आणि वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून ती घागर घेऊन सरळ पाण्यातून जायची. भाकरी घागरीच्या बुडावर फडक्यात बांधलेली. मालक कधीच वारले होते, मुलगा चाकणला कंपनीत होता, घरी सून होती.

"रयवारी येत जावा," ती म्हणाली. "मी हितंच असती."

असा मी शिकायला लागलो. पहिले दोन रविवार तिनं मला नुसतं घागरीवर लोंबकळत ठेवलं. माझे पाय ऐकत नव्हते. वीस वर्षं पळालेले पाय, पाण्यात पडले की धावच घ्यायचे. ती शेजारून ओरडायची, "मास्तर, पाय कमी मारा! कुटं जायचंय येवढं घाईनं?" श्वासाचंही तेच. पळताना मी तोंडानं भराभर श्वास घ्यायचो, तसाच इथं घ्यायला गेलो की गटागट पाणी प्यायचो. ती स्वतः गाल फुगवून, पाण्यात बुडबुडे सोडून दाखवायची. पन्नाशीची बाई लहान पोरासारखे बुडबुडे सोडतेय आणि मी, बागायतदाराचा मुलगा, भर दिवसा तिची नक्कल करतोय. मी मधूनमधून काठावर नजर टाकायचो, कुणी बघत नाही ना. हे तिच्या लक्षात आलं असणार. बोलली कधी नाही.

चौथ्या रविवारी घागर सुटली आणि मी बुडालो नाही. पाच-सहा हात मारले असतील. तिनं एवढ्या मोठ्यानं हाक मारली की वरच्या वस्तीवरून तिची सून धावत काठाशी आली. मला रडू आल्यासारखं झालं. तोंड ओलंच होतं, त्यामुळं दिसलं नाही.

त्यानंतर मी तिला स्पर्धेचं सांगितलं. तिला पहिल्यांदा पटेचना. "पवायची शर्यत? म्हागं काय लागलंय का कुनाच्या?" पण मग तिनंही मनावर घेतलं. काठावरच्या खडकापासून आंब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी शाळेतलं स्टॉपवॉच आणायचो. ते धरून ती काठावर बसायची आणि मी पोचलो की बटण दाबून मला आकडे वाचायला द्यायची. डिसेंबरात पाणी इतकं गार असायचं की बोटं आकडायची. ती काटक्यांचा जाळ करून ठेवायची आणि कोरा चहा द्यायची. एवढ्या दिवसांत तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. जमिनीच्या कामाचा एक अर्ज लिहून हवा होता. "तुमचं अक्षर चांगलं असंल. एकदा नीट लिवून द्या." मी म्हणालो, "देतो की मावशी. तेवढी स्पर्धा होऊ दे." खिशाला पेन होतं. काठावर बसून अर्ध्या तासात झालं असतं. पण मला वाटलं, आज अर्ज लिहिला तर उद्या कचेरीत सोबत चला म्हणेल, आणि कचेरी आमच्या शाळेच्या रस्त्यावर.

स्पर्धा पुण्यात होती. पोहण्याचा तलाव मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. निळं पाणी, तळाला आखलेल्या रेघा, औषधाचा वास. बाकीच्या चौघांकडे चष्मे आणि टोप्या होत्या. मला सूर मारता येत नव्हता, म्हणून मी पाण्यात उतरून भिंत धरून उभा राहिलो. शिट्टी झाली. मी मान वर काढून, मावशीच्या पद्धतीनं, लांब लांब हात मारत गेलो. दोघं पुढं गेले. एकाच्या पायात गोळा आला, एक माझ्या मागं राहिला. मी तिसरा आलो. गळ्यात ब्राँझ पडलं तेव्हा पहिल्यांदा तिचीच आठवण झाली, हे खरं आहे. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

दोन दिवसांनी घोडेगावचा बाजार होता. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक आम्हा चार-पाच जणांना स्टँडसमोरच्या हॉटेलात घेऊन गेले. माझ्या पदकाचा चहा. मी रंगात आलो होतो. लहानपणी विहिरीच्या काठावरून कशा उड्या मारायचो, चुलतभावासोबत कशी पैज लागायची, ते हातवारे करून सांगत होतो. चुलतभावासोबत! जो त्याच विहिरीत गेला, त्याला मी साक्षीला काढला होता.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "मास्तर! आवो मास्तर!"

मावशी होती. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. स्पर्धा झाली असणार हे मोजून, अर्जासाठी ती एस.टी.नं आली होती. दारात येऊन उभी राहिली. तोंड भरून हसत म्हणाली, "काय झालं मग? पवला का नीट?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. एकानं विचारलं, "कोण हो सर?"

मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "कोण पाहिजे बाई तुम्हाला? मी ओळखलं नाही."

तिचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं. तिनं माझ्याकडे, मग माझ्या भोवतीच्या माणसांकडे, मग टेबलावर ठेवलेल्या पदकाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता ती बोलणार. सगळं सांगणार.

"चुकलं माजं," ती इतरांना म्हणाली. "दुसरंच मानूस वाटलं. आमच्यातलं एक मास्तर हाये, असंच दिसतंय." पदर सावरून ती निघून गेली.

तिनं माझं खोटं सांभाळून घेतलं. ती चिडली असती तर मीही चिडलो असतो आणि सुटलो असतो. मी उरलेला चहा प्यायलो. विहिरीची गोष्टही पुरी केली.

त्यानंतर मी डिंभ्याला गेलो नाही. गुडघ्याचं निमित्त होतं, परीक्षा होत्या, मग उन्हाळ्यात पाणी आटतंच, मग पावसाळा लागला. शाळेत पोरं "पोहणारे सर" म्हणायला लागली होती. ते ऐकलं की मी उगाच कुणाला तरी मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो. बायकोला एकदा सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग मला काय सांगताय? तिला सांगा."

पुन्हा दसरा झाला, पुन्हा फॉर्म आले. या वेळी मुख्याध्यापकांनी फॉर्म माझ्याच हातात दिला. मार्गदर्शकाचा रकाना समोर होता. खरं लिहायचं मी ठरवलं, पेन टेकवलं आणि लक्षात आलं की मला तिचं नाव माहीत नाही. तीन महिने तिच्या हाताखाली शिकलो, तिचा चहा प्यायलो आणि नाव विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

त्या रविवारी गेलो. ती खडकाजवळ घागर घासत होती. मला पाहून उठली नाही.

"आता येतंय न्हवं पवायला? मग कशाला आलात?"

मी उभ्या उभ्या बोललो. माझं चुकलं म्हणालो, लाज वाटली म्हणालो. ती घासत राहिली.

"कशाची लाज? बाईनं शिकवल्याची का डोंगरातल्या बाईनं?"

दोन्हीची होती. मग मी म्हणालो, "अर्ज आत्ता लिहितो. कचेरीत पण येतो बरोबर."

"झालं त्ये काम. सुनंनं लिवला. तिचं अक्षर बी चांगलं हाय."

शेवटी मी खिशातून फॉर्म काढला आणि नाव विचारलं. तिनं कागदाकडे नुसतं पाहिलं.

"मास्तर, धरन झाल्यापास्नं माजं नाव लई कागदांवर लिवलंय. तुमच्या कागदावर आनी कशाला? तोंडानं सांगा कुनाला सांगायचं त्ये."

घागर उचलून ती पाण्यात उतरली आणि रानाकडे निघाली. मी कपडे काढून मागोमाग उतरलो. ती थांबली नाही आणि नको असंही म्हणाली नाही. पलीकडे कापलेल्या नाचणीच्या पेंढ्या पडल्या होत्या. दुपारपर्यंत मी त्या खळ्यावर वाहिल्या. तिनं भाकरीतली अर्धी मला दिली.

सोमवारी स्टाफरूममध्ये मी सगळं सांगितलं. विहिरीत कधी उतरलो नव्हतो, छत्तिसाव्या वर्षी एका मावशीनं शिकवलं, ती दारात आली तेव्हा ओळख नाकारली. सांगताना माझे कान तापले होते. एक सर हसले, "म्हणजे घागरीवर पोहलात?" मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, मग तेव्हाच सांगायचं की, तिलाही चहा पाजला असता." एवढंच. दोन दिवसांत सगळे विसरले. ज्या गोष्टीपायी मी तिला दारातून परत पाठवलं, तिची किंमत स्टाफरूममध्ये एवढीच होती.

रविवारी मी जात राहिलो. ती बोलायची, चहा द्यायची, माझा हात कुठं चुकतो ते दाखवायची. पण "मास्तर!" अशी लांबून मोठ्यानं मारलेली हाक पुन्हा कधी ऐकू आली नाही. स्पर्धेत त्या वर्षी चौथा आलो, त्यापुढं नाव दिलं नाही. काही वर्षांनी माझी बदली जुन्नरकडे झाली आणि जाणं वर्षातून एकदा-दोनदावर आलं, पुढं तेही थांबलं.

पाच-सहा वर्षांपूर्वी एक बाई मुलीचं नाव घालायला शाळेत आल्या. जुन्नरला भावाकडे मुलीला शिकायला ठेवत होत्या. माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी त्ये पवणारे सर ना? मी डिंभ्याची. आत्याबाई गेल्या साली वारल्या. तुमचं लई सांगायच्या."

मावशीची सून होती, मला ओळखू आली नव्हती. मावशीचं नाव मला अजून ठाऊक नव्हतं, आणि मुलीच्या कागदांवरही ते कुठं नव्हतं. मी मुलीचा फॉर्म भरून दिला, शिपायाला चहा आणायला पाठवलं. आत्याबाई माझं काय सांगायच्या, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.