बारा काउंट

लोटनच्या वीर्यतपासणीचा इंग्रजी कागद गिरणीच्या फाटकाशी वाचून दाखवला तो प्रस्तुत लेखकानं. बारावीला इंग्रजीत पस्तीस मार्क. त्यामुळे ‘काउंट बारा’ एवढं ठणठणीत वाचलं आणि पुढची ओळ चहासोबत गिळली.

धुळ्याकडच्या त्या कापडगिरणीत लोटन तेरा वर्षं बॉयलरमध्ये कोळसा लोटत होता. नावच तसं. गिरणीत काउंट म्हणजे सुताचा: ऐंशीचं सूत केसासारखं, बाराचं दोरखंड. लोटनची छाती फुगली. लग्नाला नऊ वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. म्हणजे खोट बायकोत, कुंदाबाईत!

“बारा काउंट शे भो! बठ्ठासले पेढा!” म्हणत त्यानं गिरणीत सगळ्यांना पेढे वाटले.

जॉबर, म्हणजे मुकादम, तोतारामनानांनी दोन घेतले. ‘मन्हा पोर्‍या शे तू’ म्हणत लोटनला बॉयलरवर चिकटवलं होतं ते त्यांनीच. “जाड सूत शे तुन्हं,” म्हणत त्यांनी मिशा पुसल्या. कुंदाबाईला कशाचा पेढा? तिला त्यानं सोनगीरला माहेरी पोचवलं.

चार दिवसांनी डॉक्टरांनी कागद पाहून चष्मा काढला. “अहो, हे बारा दशलक्ष शुक्रजंतू; निदान पंधरा-सोळा हवेत. दोष तुमच्यात आहे. निसर्गानं ती पिशवी अंगाबाहेर टांगली ती गार राहावी म्हणून, आणि तुम्ही बारमाही भट्टीपुढे. पूर्वी घरी आल्यावर तरी अंग निवायचं. आता होळीआधीच उन्हाळा लागतो, मेमध्ये पारा शेहेचाळीस. निवणार कधी? आधी बॉयलर सोडा.”

लोटनला वना आठवला. नानांचा भाचा, बॉयलरवरचा जोडीदार. त्यालाही मूल नव्हतं. नानांनी तीन वर्षांपूर्वी पाठदुखीच्या नावाखाली त्याला कापडाच्या गोदामात हलवलं. आता त्याला दोन पोरं. लोटननं बॉयलरपाशी नानांना गाठलं.

“नाना, वनानी पाठ दुखत नव्हती ना?”

नाना म्हणाले, “डॉक्टरनी सांगं व्हतं.”

“मंग माले काबर नही सांगं?”

“तुलेबी काढी लेतू, तं बॉयलर कोन सांभाळतं?”

“अन् पेढा खादात. दोन!”

लोटननं फावडं नानांच्या पायाशी टाकलं आणि सोनगीरची एसटी धरली.

“खोट मन्हामा शे,” तो ओट्यावर बसून म्हणाला.

कुंदाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. “पेढा बठ्ठी गिरणीमा वाटात. हाई सांगं का तठे?”

नव्हतं सांगितलं. गिरणीत बारा काउंट अजून जाडच आहे, कुंदाबाई सोनगीरलाच आहे, आणि तिच्या वाट्याचा पेढा द्यायचा राहिलाय.