बारा उशा आणि सहा बटणं

२००५ साली मी सहासष्ट वर्षांचा होतो, आणि माझ्या गादीत गाठ निघाली असं म्हणणारा माणूस अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत एकही नव्हता. (उल्हासनगरात एक सिंधी शेठाणी होती. तिची गादी मी फुकटात पुन्हा पिंजून दिली आणि तिच्याशी बोलणं सोडलं.)

शाळा माझी तिसरीपर्यंत. पण कापूस हातात आला की माझ्या बोटांना डोळे फुटतात. अंबरनाथ पश्चिमेला पुढे गादीचं दुकान, मागे घर, आणि घरात माझी बायको शेवंता, जी माझ्याहून हट्टी आहे. हे मी कबूल करतोय, पण एकदाच.

त्याच्या दोन वर्षं आधी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. (हा शब्द लिहायला मला इतकी वर्षं लागली.) गल्लीत मी सांगितलं, पोटाचं ऑपरेशन आहे. बायका बिचाऱ्या महिनाभर मऊ भात आणून देत होत्या, आणि शेवंता तो माझ्याकडे बघत गिळत होती. बरी झाल्यावर म्हणाली, विहाराच्या हॉलमध्ये बायका जमवणार, खरं काय ते सांगणार, आणि ज्या दवाखान्यानं वाचवलं त्यांच्या संशोधनासाठी देणगीची पेटी फिरवणार. मी म्हटलं, असल्या गोष्टी चारचौघांत बोलत नाहीत. म्हणाली, चारचौघांत नाहीच बोलणार, पन्नास जणींत बोलणार.

त्यासाठी तिनं बारा गोल उशा शिवल्या, बाईच्या छातीच्या आकाराच्या. कशासाठी ते ती सांगायला लागली की मी रेडिओ मोठा करायचो. इथेच सगळं बिघडलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी ती हॉलवर पेटीला गुलाबी कागद चिकटवायला गेली. उशांची पिशवी माझ्या मांडीशी. बघायचंच नाही असं ठरवून मी एक दाबली. गाठ! दुसरी दाबली. गाठ! बाराच्या बारा उशांत गाठी, आणि शिवणारी बाई गादीवाल्याची! वस्तू कसली का असेना, माझ्या दुकानातून गाठीचा माल बाहेर जात नाही. टाके उसवले, तर प्रत्येकीत एकेक वाटाणा. म्हटलं, म्हातारीची नजर गेली, स्वयंपाकघरातले वाटाणे कापसात सांडले. ते परत डब्यात टाकले, नवा कापूस पिंजून भरला, बारीक टाका घातला. उशा लोण्यासारख्या झाल्या. उद्या बायका विचारतील, कुणी भरल्या म्हणून!

विचारलंच.

हॉल भरला होता. बदलापूरहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. जयभीम झालं, नाश्त्याला शेवंताच्या हातची वाटाण्याची उसळ झाली. मग ती माइकसमोर उभी राहिली आणि पोटाचं ऑपरेशन खोटं होतं ते सांगून टाकलं. (सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी पंख्याकडे बघत होतो.) मग उशा वाटल्या आणि म्हणाली, प्रत्येकीत एक गाठ लपवलीय, बोटांनी शोधा, म्हणजे स्वतःचीही शोधता येईल.

दारात उभ्या उभ्या मला डब्यात टाकलेले बारा वाटाणे आठवले.

पन्नास बायका दाबत होत्या. चिखलोलीची एक म्हातारी म्हणाली, "यात काय बी नाय गं. पन मऊ हाय, मला एक दे, उशाला घेते." डॉक्टरीणबाईंनी स्वतः तीनदा दाबून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. मागून कुणीतरी म्हणालं, हातानं गाठ-बिठ काही कळत नसते, उगाच घाबरवतात. दोघी-तिघी पदर सावरत उठल्या. पेटी रिकामीच परत येत होती.

शेवंतानं उशी उलटी करून टाका बघितला. चाळीस वर्षांच्या संसारात माझा टाका ती ओळखणार नाही?

"अहो, वाटाणे कुठायत?"

"डब्यात टाकले."

"त्या डब्यातले तर मी काल भिजत घातले."

आम्ही दोघांनी उसळीच्या रिकाम्या पातेल्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या होत्या.

हॉल हसून हसून आडवा झाला. शेवंता हसली नाही. हळूच बोलली, पण माइक चालू होता. "कापसातला वाटाणा यांना डोळे मिटून सापडतो. मला गाठ लागली तेव्हा म्हणाले, जिरेल. चार महिने मी ती जिरायची वाट बघितली."

हसू थांबलं. दार माझ्या पाठीशीच होतं. पण मी पळणाऱ्यातला नाही. सरळ पुढे गेलो आणि माइकमध्ये म्हटलं, "म्हणालो होतो. गाढव होतो."

मग टोपीत खोचलेली सुई काढली, सदऱ्याची सहाच्या सहा बटणं तोडली, आणि पन्नास बायकांसमोर बनियन दाखवत बसून सहा उशांत एकेक बटण भरलं. शिकवलंही. नखानं नाही, तीन बोटांच्या पोटानं. आधी हलकं, मग दाबून, गोल गोल, एक कोपरा सोडायचा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी असंच. चिखलोलीच्या म्हातारीला पहिली गाठ सापडली तेव्हा तिनं ती उशी सगळ्यांना फिरवून दाखवली.

"आणि सापडली तर नवऱ्याला विचारत बसू नका," मी म्हटलं, "डॉक्टरकडे जा."

त्यानंतर पेटी दोनदा फिरली, आणि दुसऱ्या वेळी ती उचलायला दोघी लागल्या.

घरी आल्यावर मी बटणं मागितली. शेवंता म्हणाली, "ती संशोधनाला गेली." त्याच उशा घेऊन तिचा पुढचा कार्यक्रम जांभूळ गावात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच सदरा घातला, पुढे सहा सेफ्टी पिना लावल्या आणि मुद्दाम सगळ्या गल्लीतून हिंडत निघालो. कपाटात धड बटणांचे दोन सदरे होते, पण घातले नाहीत. नाक्यावर चहावाल्यानं विचारलं, काका, बटणं कुठं गेली?

"कॅन्सरच्या संशोधनाला दिली," मी छाती पुढे काढून म्हणालो, आणि तिसरी पिन उघडून त्याच छातीत घुसली.