नळ येईपर्यंतची स्वप्नं

नांदेडला मानसशास्त्रात एम.ए. करत होते तेव्हा आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेचं उद्घाटन दोनदा झालं. दोन्ही वेळा शाल, श्रीफळ आणि विज्ञाननिष्ठेवर पाऊण तास भाषण. मुहूर्त पंचांगातून काढलेला. कपाटाची किल्ली मात्र दोन्ही वेळा सापडली नाही, त्यामुळे स्मरणशक्ती मोजायचं यंत्र आम्ही काचेतूनच पाहिलं आणि त्यावर टिपणं लिहिली.

तरी मार्गदर्शक सरांनी एक गोष्ट कायमची शिकवली. फळ्यावर चार चौकोन काढायचे. स्वप्न पडलं आणि तसं घडलं. पडलं, पण घडलं नाही. पडलं नाही, तरी घडलं. पडलंही नाही, घडलंही नाही. माणूस पहिला चौकोन जन्मभर जपतो, असं सर म्हणायचे, आणि उरलेले तीन सकाळच्या चहाबरोबर विसरतो.

मला लगेच आई आठवली. आमच्याकडे स्वप्नात लग्न दिसलं की कुणीतरी जाणार असं धरतात. मामा गेला त्याच्या दोन दिवस आधी तिला लग्न दिसलं होतं. तो तिचा पहिला चौकोन. आता तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. फार लांबवू नका, असं डॉक्टर बजावत होते, आणि लातूरच्या घरून ऑपरेशनची तारीख सारखी पुढे जात होती. कधी पाहुणे आले, कधी कुरडया घालायच्या होत्या, कधी निलंग्याकडे कुणाची पेरणी होती. आमची पेरणी नव्हे.

लग्न दिसतं म्हणून ती टाळते आहे, हे मी ओळखलं. दिसलेली सगळी लग्नं मोजून दाखवली, की दुसरा चौकोन आपोआप भरेल, भीती जाईल आणि माझा प्रबंधही होईल. मी तिला दोनशे पानी वही दिली. उठल्याबरोबर, कुणाशी बोलायच्या आधी, चहाच्या आधी स्वप्न लिहायचं. मला मार्क मिळतील म्हटल्यावर तिनं वही डोक्याला लावून घेतली.

तीन महिन्यांनी एसटीनं लातूरला गेले. वही वाचताना डुलकी लागावी अशी होती, म्हणजे चांगल्या अर्थानं. आभाळाएवढं जोंधळ्याचं रान, त्यात तिची आई पाठमोरी चाललेली, हाक ऐकू न जाणारी. व्यायलेली गाय आणि तिचं निळसर वासरू. एक बस, जी थांबते, पण जिला दारच नाही. मधूनमधून दिवस कोरे, नुसतं ‘न्हाई’. लग्न एकही नाही. मी निराश झाले. संशोधकाला आईच्या शांत झोपेबद्दलही निराश होता येतं. आणखी एक दिसलं, ते मी तेव्हा कुठंच नोंदवलं नाही: पानागणिक तिचं अक्षर मोठं होत गेलं होतं, आणि शेवटी शेवटी ओळी रेघ सोडून खाली उतरत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. लातुरात नळ आला की अख्खी गल्ली उठते. आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या पाहुण्याला तेवढा मान हवाच. अर्धवट झोपेत मी बादल्यांचा आवाज ऐकत होते. बाहेर आले तर आई धारेखाली हात धरून वाकलेली, ओठ हलताहेत, आणि दुसऱ्या हातानं ती पदराची गाठ सोडते आहे. पदराला आणखी तीन गाठी होत्या.

“नळाला काय सांगून राहिलीस?”

“तुझ्या कामाचं न्हाई.”

“आई.”

“वाईट सपान माणसाला सांगू न्हाई. वाहत्या पाण्याला सांगावं. ते घेऊन जातं.”

“मग वहीत का नाही लिहिलं?”

“लिहिलं म्हंजे तुला सांगितल्यावाणीच झालं की.”

म्हणजे तीन महिन्यांची माझी सामग्री नुसती चांगल्या स्वप्नांची होती. वाईट स्वप्नं पदराच्या एकेका गाठीत बसून नळाची वाट पाहत होती. शेजारच्या बोअरचं पाणी चाललं नसतं का? नाही म्हणाली, ते माणसानं ओढून काढलेलं, आपण होऊन वाहत नाही. टँकरचं तर उभंच असतं.

“लग्नं किती दिसली एवढ्यात?”

“लई. पाच तरी.”

“कोण गेलं?”

“कोण जाईल? पाण्याला सांगितलं की.”

या उत्तराला सरांच्या फळ्यावर चौकोन नव्हता. मी म्हटलं, एखादं लग्न न सांगता ठेवू, म्हणजे फरक कळेल.

“कुणावर ठेवू? मांडवात तुझा बाप असतो, तू असतीस.”

वर्तमानपत्राआडून बाबा म्हणाले, “मला त्यात धरू नका.”

विज्ञानाला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ घेऊन मी म्हटलं, “माझ्यावर.”

“जड गेलं न्हवं बोलाया?” आई म्हणाली.

मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून, वहीतले ‘न्हाई’चे दिवस त्याच्याशी लावून आम्ही दोघींनी आठवून बघितलं. दवाखान्याची तारीख ठरली की चार दिवसांत लग्न. तारीख पुढे गेली की परत जोंधळा, वासरू, बिनदाराची बस. वहीच्या तीन महिन्यांत तीन वेळा तसंच. मला वाटत होतं लग्न दिसतं म्हणून तारीख मोडते. खरं तर तारीख ठरते म्हणून लग्न दिसत होतं.

मी तिला ते सांगितलं.

“म्हंजे मी भिते म्हणतीस.”

“हाव.”

बादली भरत आली होती. ती काठोकाठ झाल्यावर आईनं दुसरी धारेखाली सरकवली.

“भिते की,” ती म्हणाली. “डोळ्यात सुई घालणार हायत.”

तीन महिने मी तिच्याकडून शिस्तीनं वही लिहून घेतली, आणि भीती वाटते का हे एकदाही विचारलं नव्हतं.

नवी तारीख धरली. लग्न दिसणार, हे मी आधीच सांगून ठेवलं. आदल्या सकाळी दिसलंच. नळाला अजून चार दिवस होते. “म्हणाली होतीस तसंच,” एवढंच आई बोलली, पदराला गाठ मारली आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात बसली. माझ्यावर ठेवलेलं ते लग्न घेऊन मी तिच्या शेजारी बसले, आणि रिक्षावाल्याला सावकाश चालवायला सांगितलं. तिच्या डोळ्यासाठी.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात चहा घेऊन गेले तर पलंग रिकामा. डोळ्यावर पट्टी बांधून आई बेसिनपाशी उभी, नळ सोडलेला, पदर मोकळा.

“सांगितलंस ना?”

“हितं चोवीस तास पाणी हाय,” ती नळ बंद करत म्हणाली. “अन् तुझ्यावर ठेवू व्हय?”

तुलनेसाठी नियंत्रित गट उपलब्ध होऊ शकला नाही, असं मी प्रबंधाच्या मर्यादांमध्ये लिहिलं. सरांनी त्याखाली बरोबरची खूण केली.

दिवाळीला घरी गेले तेव्हा वही फळीवरच होती. आईनं ती लिहिणं थांबवलं नव्हतं. अक्षर पुन्हा बारीक झालेलं, दोन रेघांच्या मध्ये नीट बसलेलं. शेवटच्या पानावर आदल्या सकाळची नोंद होती:

‘लग्न दिसलं. नवरदेव वळखीचा न्हवता. जेवण बरं होतं. नळ परवा.’